एक वीत उजवीकडे

लोरमाँ, सोमवार, १४ जून २०२१

प्रिय गास्पार,

तुझा पत्ता अर्मेल मावशीने दिला. तू देऊ नको म्हणाला होतास हेही तिने सांगितलं आणि मग दिला. तिच्यावर रागावू नकोस, मीच तिला तीनदा फोन केला.

घरी सगळे ठीक आहेत, म्हणजे आई आणि मी. आईने माळा आवरायला काढलाय. परवा आपल्या शाळेच्या वह्या सापडल्या. तिने त्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडल्या, म्हणजे शाळेतच मांडल्या म्हण ना, ती आपल्याला तिथेच तर शिकवायची. तुझी बसायची बाजू खिडकीकडची, माझी भिंतीकडची. आठवतं ना? आपलं पान आपण तपासायचं. चूक पुसायची नाही. तिच्यावरून एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि वर लाल पेन्सिलीने बरोबर ते लिहायचं. मग पान आईकडे. तिला काही खटकलं तर ती सांगायची नाही. समासात एक लाल ठिपका काढायची आणि पान परत. ठिपका म्हणजे 'पुन्हा बघ'. ठिपका नसला की पान परत यायचंच नाही, थेट खणात जायचं.

तुझ्या वह्या ठिपक्यांनी भरल्यात. माझ्या बऱ्याच कोऱ्या आहेत. मी तेव्हा त्याचा किती तोरा मिरवायचे, ते आठवून आता बरं वाटलं नाही.

माझं प्रशिक्षण संपलं. एक जूनपासून मादाम लाफित यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रुजू झाले. गाडीचा उजवा आरसा बदलून घेतला. बाबांची निळी मोटारसायकल, बाबा गेल्यावर तू चालवायचास ती, गॅरेजमध्ये आहे. आईने तिच्यावर जुनी चादर घातली आहे.

विमा कंपनीचं पत्र तुलाही आलं असेल. सगळी चूक मोटारसायकलस्वाराची, म्हणजे तुझी, असं त्यांनी ठरवलंय. तुला ते लागलं असेल. पण गास्पार, थांबलेल्या गाड्यांच्या रांगांमधून मोटारसायकलींनी पुढे जायची मुभा ३१ जानेवारीला संपली होती. पाच वर्षं ती प्रयोग म्हणून दिली होती, प्रयोग संपला आणि नवा सुरू व्हायचा होता. ११ मार्चला, अपघाताच्या दिवशी, ती मुभा नव्हती. हा नियम मी केलेला नाही. मी माझ्या लेनच्या मधोमध होते आणि तू मला दिसला नाहीस. अपघाताच्या फॉर्मवर मी तेच लिहिलं, तुला वाचून दाखवलं आणि तू सही केलीस.

घोटा कसा आहे? मावशी म्हणाली, तू आता होड्यांच्या शिडांच्या कारखान्यात बसून शिवणकाम करतोस. तुझ्या आधीच्या, वाइनची पिंपं बनवायच्या कामापेक्षा ते हलकं असेल ना? दिवसभर उभं राहावं लागत नाही, हे एक बरं.

तुझी,
ब्लांदीन


लोरमाँ, गुरुवार, ५ ऑगस्ट २०२१

प्रिय गास्पार,

तू उत्तर दिलं नाहीस. देशील असं मी धरलंही नव्हतं.

सोमवारपासून मुभा परत आली. डावीकडच्या दोन लेनच्या मधून, गाड्या तुंबलेल्या असताना, ताशी पन्नासच्या आत. तुला कळलंच असेल. मादाम लाफितनी भिंतीवर नवा तक्ता लावला आणि म्हणाल्या, "चला, सहा महिने जे सगळे करतच होते, ते आता कायद्याने करतील."

काल कोलेतला घेऊन आकितेनच्या पुलावर गेले. कोलेत माझी विद्यार्थिनी, वय बावन्न. तिच्या नवऱ्याचं खाटकाचं दुकान आहे आणि त्याचा गाडी चालवायचा परवाना दारूपायी गेला, म्हणून आता मटण पोचवायला ही शिकते आहे. पुलावर नेहमीसारखी गर्दी तुंबलेली. आम्ही सगळ्यात डावीकडच्या लेनमध्ये होतो. मी म्हटलं, "आरशात बघा. मागून मोटारसायकल येते आहे. डावीकडे सरका."

"का? तो मला ओळखतो?"

"त्याला जागा द्यायची."

"माझी जागा मी त्याला का देऊ? माझ्याकडे आहे केवढी!"

तरी ती सरकली, अगदी कठड्याला लागते की काय इतकी. मोटारसायकल माझ्या खिडकीजवळून गेली आणि पुढे गेल्यावर त्याने उजवा पाय बाहेर काढला.

"हे बघा, बघा! वर लाथ दाखवतोय मला!" कोलेत ओरडली.

"लाथ नाही. आभार मानतोय. हात हँडलवरून काढता येत नाहीत, म्हणून पाय."

तो दिसेनासा होईपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "तीस वर्षांत माझ्या नवऱ्याने तेवढंही केलं नाही." त्यानंतर पूल संपेपर्यंत ती प्रत्येकाला जागा देत होती, आणि कुणी पाय काढला नाही तर "उद्धट कुठला!" म्हणत होती.

मला आपली मागची सीट आठवली. आपण दोघं मागच्या काचेला नाक लावून बसायचो आणि बाबा डावीकडे सरकले की पायाची वाट बघायचो. ज्याला आधी दिसला तो जिंकला. तू नेहमी जिंकायचास, कारण मी स्वारांकडे बघतच नव्हते. बाबांनी वळायचा दिवा लावलाय की नाही ते बघत होते.

एक गोष्ट नीट लिहिली पाहिजे. मागच्या पत्रात मी लिहिलं की तू मला दिसला नाहीस. ते तंतोतंत खरं नाही. मला आरशात एक दिवा दिसला होता. कोणाचा ते कळलं नव्हतं. फॉर्मवर 'मोटारसायकल दिसली नाही' असं लिहिलं, ते त्या अर्थाने. दिवा दिसला, मोटारसायकल दिसली नाही.

आता हे लिहिल्यावर वाचून पाहिलं. पत्र फाडावं असं वाटलं, पण पाठवते.

ब्लांदीन


लोरमाँ, रविवार, १२ सप्टेंबर २०२१

प्रिय गास्पार,

मावशीचं कार्ड आलं. तिने दोनच ओळी लिहिल्यात. 'तो तुझी पत्रं वाचतो. दोऱ्यांच्या खणात ठेवतो.' त्या दोन ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तुझा घोटा आता हलणार नाही, हे आईकडून कळलं. डॉक्टरांनी तो कायमचा जोडून टाकला. ती मला सांगत नव्हती. मी तिला विचारलं, "मग मोटारसायकल?" ती म्हणाली, "मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात ना?" आणि बटाटे सोलायला लागली.

दहा मार्चची संध्याकाळ आठवते का तुला? सहाची संचारबंदी होती, म्हणून आपण तिघं रोज घरीच जेवायचो, आणि रोजच एकमेकांचा कंटाळा यायचा. तू म्हणालास, "आज पुलावर सगळे सरकत होते. एकाने तर आरसासुद्धा आत घेतला."

मी म्हटलं, "आता तसं जाता येत नाही. मुभा संपली."

"कागदावर संपली. पूल तिथेच आहे, गर्दी तिथेच आहे, आणि लोकांना पाच वर्षांची सवय आहे."

"सवय म्हणजे नियम नाही."

"हो हवालदारबाई. उद्या पुलावर मला पकडा आणि दंड करा."

"मी सरकणार नाही, एवढं सांगून ठेवते. नियमाप्रमाणे लेनच्या मधोमध चालवणार."

"चालव की. तुझ्या मधोमधातूनही मी जाईन. अख्ख्या बोर्दोत तूच एक अशी आहेस की जी नियम पाळते आणि वर तो दुसऱ्याच्या डोक्यावर आपटते!"

आई हसली. तुला आठवत नसेल, पण ती हसली. मी ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं आणि वर गेले.

मी का लिहितेय हे सगळं? कारण मागच्या पत्रात पुन्हा खोटं आहे. दिवा कोणाचा ते मला कळलं होतं. बाबांच्या मोटारसायकलचा दिवा पिवळट आहे, साऱ्या रस्त्यावर तसा दुसरा नाही. तू माझ्यामागून दहा मिनिटांनी निघतोस आणि पुलावर मला गाठतोस, हेही मला माहीत होतं. मी वाटच बघत होते म्हटलं तरी चालेल. दिवा दिसला आणि मी म्हटलं, नाही सरकणार.

माझ्या मनात एवढंच होतं. तुला ब्रेक दाबायला लागावा, माझ्यामागे थांबायला लागावं आणि संध्याकाळी जेवताना तू म्हणावंस की आज थांबावं लागलं.

पण मी लेनच्या मधोमध होते. ते खरं आहे.

ब्लांदीन


लोरमाँ, रविवार, ३ ऑक्टोबर २०२१

गास्पार,

तुझं पाकीट आलं. मी जिन्यातच फोडलं. आत माझंच पत्र होतं. तुझा एक शब्दही नाही. पान उलटून पाहिलं, पाकीट झटकलं. मग दिसला. शेवटच्या ओळीजवळ, समासात, लाल ठिपका.

लाल पेन्सिल तुझ्याकडे अजून आहे, की मुद्दाम विकत घेतलीस?

मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडच्या बाजूला बसले आणि ती ओळ पुन्हा वाचली. आता दुरुस्त करून लिहिते.

मी लेनच्या मधोमध नव्हते. दिवा जवळ आला तेव्हा मी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. फार नाही, एक वीत. मुद्दाम. शेजारच्या लेनमध्ये व्हॅन होती आणि तुझ्यासाठी तेवढीच वाट उरली होती, ती मी अडवली. तू वेग कमी केलास. तू ताशी तीसच्या वर नव्हतास, हे मी फॉर्मवर लिहिलं नाही, कारण तिथे कुणी विचारलं नव्हतं. आरशात तुझं हेल्मेट आणि माझे डोळे एकाच वेळी होते. तू मान हलवलीस, 'काय चाललंय' अशी. मी समोर बघितलं. मग आरसा तुटल्याचा आवाज आला आणि तू व्हॅनच्या चाकाशी पडला होतास. मोटारसायकल तुझ्या पायावर होती.

माझ्या मागच्या गाडीतली बाई बाहेर आली आणि मला म्हणाली, "पोरी, तू रडू नकोस, हे लोक असेच घुसतात." मी तिला 'नाही' म्हटलं नाही.

हॉस्पिटलमध्ये मी दोघांच्या सह्यांचा फॉर्म भरला. तुझ्या बाजूचा भागही मीच भरला, कारण तुझ्या हाताला सुई लावली होती. मग मी वाचून दाखवलं. 'मी माझ्या लेनच्या मधोमध होते. मागून येणारी मोटारसायकल दिसली नाही.' वाचताना मी तुझ्याकडे बघत नव्हते, पण तू माझ्याकडे बघतोयस हे कळत होतं. मी थांबले. फार वेळ थांबले. तू काही बोलशील असं वाटलं. आता वाटतं, तू माझ्या बोलण्याची वाट बघत होतास.

शेवटी तू म्हणालास, "पेन दे."

"नीट वाचून घे."

"वाचलंस ना तू? तुझं अक्षर चांगलं आहे."

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गास्पार, मी इतके दिवस स्वतःला सांगत होते की नियम माझ्या बाजूने होता. तो होताच. म्हणून तर मला एवढं धाडस झालं.

फॉर्मची माझी प्रत घरात आहे. उद्या काढते.

ब्लांदीन


लोरमाँ, मंगळवार, १९ ऑक्टोबर २०२१

प्रिय गास्पार,

सोबत फॉर्मची छायाप्रत आहे. काळ्या-पांढऱ्यात रंग कळत नाही, म्हणून सांगते. 'मधोमध' आणि 'दिसली नाही' या दोन्ही ठिकाणी एकेक सरळ रेघ आहे. वरचं लाल पेन्सिलीने लिहिलं आहे.

पाठवायच्या आधी आईला दाखवला. तिने चष्मा लावला आणि दोनदा वाचला. तिच्या बोटांत पेन्सिल होती, माझीच, मी टेबलावर ठेवलेली. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी हसले होते, नाही?" मग उठली आणि सूप गरम करायला ठेवलं.

विमा कंपनीत मी स्वतः गेले. काउंटरवरच्या माणसाने कागद उलटसुलट केला.

"मादम्वाझेल, हे काय? यावर खाडाखोड आहे."

"दुरुस्ती आहे. खालचंही वाचता येतं, बघा."

"पण दुरुस्तीसाठी वेगळं निवेदन लिहितात. टाइप करून. आणि लाल पेन्सिलीने तर कुणीच लिहीत नाही."

"वेगळंही लिहिलं आहे. हे घ्या. पण हा कागदही ठेवा."

त्याने ते निवेदन वाचलं. मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "तुम्हाला कुणी हे लिहायला भाग पाडलंय का? तुमचा भाऊ?"

"त्याने ठिपका काढला," मी म्हटलं. बिचाऱ्याला काय कळणार. त्याने विचारलं, यात तुमच्यावर पोलीस चौकशी होऊ शकते, ठाऊक आहे ना? मी म्हटलं, ठाऊक आहे. बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बराच वेळ बसले. दोन ट्राम गेल्या.

तुझी फाईल पुन्हा उघडली आहे. सगळी चूक तुझी नव्हती, एवढं तरी आता कागदावर येईल. पुढे काय होईल ते मला सांगता येत नाही.

मादाम लाफितना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या किल्ल्या अडकवत होत्या, थांबल्या.

"स्वतःच्या भावाला?"

"हो."

"वेडी की काय तू?"

"हो. म्हणजे नाही. मुद्दाम केलं."

"मला सांगू नको मुद्दाम केलं म्हणून! मला का सांगतेस? आता मला ते कळलं, म्हणजे मला काहीतरी करायला पाहिजे!" मग त्यांनी हातातली किल्ली खिशात टाकली. "उद्यापासून तू वर्गात शिकव. फळ्यावर. निकाल लागेपर्यंत गाडीत बसायचं नाही. आणि शिकवायचा परवाना काढून घेतला, तर मी काही करू शकणार नाही, एवढं लक्षात ठेव."

मी 'बरं' म्हटलं. दारातून त्यांनी परत हाक मारली. "ब्लांदीन, कोलेत विचारत होती, तू पुलावर कधी नेणार. तिला मी काय सांगू?"

मी म्हटलं, खरं ते सांगा. त्या म्हणाल्या, "तू आता सगळ्यांनाच खरं सांगत सुटणार आहेस का? दमवशील गं मला."

गास्पार, या पत्रात काही चुकलं असेल, काही राहिलं असेल, तर ठिपका काढून परत पाठव. मी पुन्हा बघीन.

ब्लांदीन


लोरमाँ, रविवार, २१ नोव्हेंबर २०२१

प्रिय गास्पार,

पोलिसांनी मला बोलावलं होतं. जबाब लिहून घेणाऱ्या बाईने विचारलं, एक वीत म्हणजे किती? मी हात टेबलावर पसरून दाखवला. तिने पट्टी आणली आणि मोजला. पुढचं बोलावणं जानेवारीत आहे.

मी वर्गात शिकवते. गेल्या आठवड्यात फळ्यावर तीन लेन काढल्या, त्यात गाड्या, आणि मधून मोटारसायकल. एका मुलीने विचारलं, "पण सरकायची सक्ती आहे का?" मी म्हटलं, सक्ती नाही. ती म्हणाली, "मग नाही सरकलं तर चालतं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मी एकदा नाही सरकले," आणि सगळं सांगितलं. कोलेत पहिल्या बाकावर होती. तास संपल्यावर ती माझ्यापाशी आली, पिशवीतून कागदात बांधलेलं सॉसेज काढून टेबलावर ठेवलं आणि गेली.

गाडी मी अजून चालवते, तेवढी बंदी नाही. पुलावर रोज डावीकडे सरकते. कुणी पाय काढतं, कुणी नाही. कुणी काढला की मला आधी त्याचा घोटा दिसतो.

एकोणीस ऑक्टोबरचं पत्र तुला मिळालं, हे मावशीने सांगितलं. तू ते वाचलंस हेही सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पोस्टमन आमच्याकडे साडेदहाला येतो. आज रविवार, म्हणून आज नाही. पण रोज साडेदहा वाजले की मी खाली जाते आणि पेटी उघडते. आई वरून विचारते, "आहे का काही?"

मी सगळी पेटी नीट बघते. मागच्या बाजूला एखादं पाकीट अडकलेलं असतं, म्हणून हात घालून बघते. तेहतीस दिवस झाले. माझं पत्र ठिपका घेऊन परत आलेलं नाही.

"काही नाही," मी खालून ओरडून सांगते आणि जिना चढते.

तुझी,
ब्लांदीन